दहावा हिस्सा, पण कशाचा?

दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाचा मानून धर्मकार्यासाठी देणे. यहुदी आणि ख्रिस्ती परंपरेत ही प्रथा बायबलच्या जुन्या करारापासून चालत आली आहे. शीख तिला दसवंध म्हणतात. इस्लाममधील जकातीचे प्रमाण वेगळे असले, तरी तेही याच जातीचे देणे. दहाने भागायला कोणालाही येते. अडते ते कशाला भागायचे हे ठरवताना. लागवडीचा खर्च आधी वजा करायचा का? सरकारी कर, कर्जाचा हप्ता, घरचा किराणा यांचे काय? प्रामाणिक देणे कोणते, हा प्रश्न या तपशिलातच दडलेला असतो.

मोशेच्या नियमशास्त्राने धान्य, फळे, गुरे आणि शेळ्यामेंढ्या यांचा दहावा भाग देवाचा ठरवला. इस्राएल लोकांतील लेवी वंशाला जमिनीचा वाटा मिळाला नव्हता. उपासनेची व्यवस्था पाहणे हे त्यांचे काम, म्हणून त्यांचा निर्वाह दशमांशावर चाले. मात्र त्यांनाही सूट नव्हती. हाती आलेल्या दशमांशाचा दहावा भाग त्यांनी याजकांना द्यायचा होता. कोणाला धान्याऐवजी त्याची किंमत द्यायची असेल, तर तीत पाचवा हिस्सा जास्त घालावा लागे. कमी भाव लावून सुटका करून घेण्याची वाट अशी बंद झाली.

जनावरांच्या बाबतीत नियम आणखी कडक होता. इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या यहुदी ग्रंथात त्याची रीत सांगितली आहे. वर्षभरात जन्मलेली कोकरे वाड्यात कोंडायची आणि दार एवढे अरुंद ठेवायचे की दोन कोकरे एकदम बाहेर पडू शकणार नाहीत. मालकाने हातात काठी घेऊन एक, दोन, तीन असे मोजत राहायचे आणि दहाव्या कोकराला तांबड्या रंगाची खूण करून ते दशमांशाचे असल्याचे म्हणायचे. ते धष्टपुष्ट असो वा लंगडे, निवड करायची नाही. कोणी अदलाबदल केलीच, तर मूळचे आणि बदली दिलेले अशी दोन्ही जनावरे देवाची ठरत. देणाऱ्याचा मोह नेमका कुठे जागा होतो हे ओळखून निवडीचा अधिकारच त्याच्या हातून काढून घेतला होता.

पिकांबाबत प्रश्न उठला तो वेळेचा. शेतात चालता चालता तोंडात टाकलेल्या अंजिराचाही दशमांश द्यायचा का? धर्मशास्त्र्यांनी ठरवले की मालकाने राखलेले, जमिनीत उगवणारे आणि खाण्याजोगे ते सर्व दशमांशाला पात्र. पण बंधन लागू होते ते माल तयार होऊन घरी आल्यावर. तोवर सहज खाल्लेले चार दाणे हिशेबात धरायचे नाहीत. बाजारात विकत घेतलेल्या धान्याचा दशमांश विकणाऱ्याने दिला आहे की नाही याची खात्री नसेल, तर अशा संशयित धान्यासाठीही वेगळे नियम झाले. अंदाजाने दशमांश काढण्याची सवय लावून घेऊ नये, असा पहिल्या शतकातील यहुदी धर्मगुरू रब्बान गम्लिएल यांचा उपदेश नोंदलेला आहे.

इतक्या काटेकोरपणाला दुसरी बाजूही आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू परूशी या कर्मठ यहुदी पंथाच्या लोकांना फटकारतो, कारण ते पुदिना, शेपू आणि जिऱ्याचाही दशमांश देतात, पण न्याय, दया आणि विश्वास या मोठ्या गोष्टी सोडून देतात. त्याने दशमांश नाकारला नाही. या मोठ्या गोष्टी कराव्यात आणि दशमांशही सोडू नये, असे बजावले. प्रेषित पौलाच्या पत्रात टक्केवारीच नाही: प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे, जुलमाने नव्हे तर संतोषाने द्यावे. त्यामुळे दशमांश आजही बंधनकारक आहे की ती केवळ चांगली शिस्त आहे, यावर ख्रिस्ती पंथांत एकमत नाही.

युरोपात मात्र त्याचा कायदा झाला. फ्रँक राजा शार्लमेनने ७७९ मध्ये दशमांश सक्तीचा केला. इंग्लंडमध्ये चर्चच्या कोठारात धान्य, लोकर, अंडी असा प्रत्यक्ष माल जमा होई. क्वेकर पंथीयांनी तो देण्यास नकार दिला आणि त्यापायी जप्ती व तुरुंगवास सोसला. १८३६ च्या कायद्याने मालाच्या जागी गहू, बार्ली आणि ओट यांच्या भावांशी जोडलेली रोख आकारणी आली. १९३६ च्या कायद्याने तीही संपुष्टात आणली. सक्ती आली तेव्हा प्रामाणिकपणाचा प्रश्न मागे पडला आणि वसुलीचे तंटे पुढे आले.

आजच्या ख्रिस्ती कुटुंबात हा प्रश्न पगारपत्रक समोर ठेवून सोडवला जातो. एकूण पगार ५०,००० रुपये आहे आणि भविष्य निर्वाह निधीचे ६,००० कापून हाती ४४,००० येतात असे समजू. एकूण रकमेवर दशमांश ५,००० होतो, हातातल्या रकमेवर ४,४००. पहिल्या बाजूचे लोक म्हणतात की निधीत गेलेला पैसाही कमाईच आहे आणि देवाचा वाटा सर्वांत आधी निघायला हवा. दुसऱ्या बाजूचे म्हणतात की जे हाती आले नाही त्यातून देणार कसे? दोन्ही रीती सचोटीच्या ठरू शकतात, पण अट एक: जी धराल ती शेवटपर्यंत पाळायची. आज हातातल्या पगारावर देणाऱ्याने निवृत्तीला निधीची रक्कम मिळाल्यावर तिचाही दशमांश द्यायला हवा. एकूण पगारावर आधीच दिलेल्याने स्वतःच्या त्या वर्गणीवर पुन्हा द्यायचे कारण नाही. उरते ते व्याज आणि मालकाने भरलेला हिस्सा.

मॉर्मन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पंथात या हिशेबाला विशेष महत्त्व आहे. त्यांच्या मंदिरातील विधींसाठी प्रवेश हवा असेल, तर सभासद पूर्ण दशमांश देणारा असावा लागतो. पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी १८३८ मध्ये घालून दिलेला नियम दरवर्षीच्या वाढीच्या दहाव्या भागाचा होता. १९७० मध्ये पंथाच्या सर्वोच्च नेतृत्वाने या वाढीचा अर्थ उत्पन्न असा लावला आणि त्यापुढे काही सांगण्याचे टाळले. वर्षाअखेरीस सभासद बिशपला भेटून आपण पूर्ण दशमांश दिला की नाही हे स्वतः सांगतो. पगारपत्रक तपासले जात नाही.

धंदा किंवा शेती असेल तर वजावटीचा प्रश्न येतो. यहुदी धर्मशास्त्राची रेषा इथे स्पष्ट आहे. पैशाचा दशमांश काढताना कमाईसाठी झालेला खर्च वजा होतो, घरखर्च होत नाही. बियाणे, खत आणि मजुरी वजा करून ८०,००० रुपये उरले, तर दशमांश ८,०००. किराणा त्यातून वगळायचा नाही. वरची मर्यादाही आहे: दानाच्या भरात स्वतःच दुसऱ्यावर भार होऊ नये म्हणून पाचव्या हिश्श्याहून अधिक देऊ नये असा दंडक आहे.

इस्लामने यातील बरेच प्रश्न दरातच सोडवले. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा भाग, तर कष्टाने पाणी देऊन काढलेल्या पिकाचा विसावा. सोने, चांदी, रोकड आणि व्यापारी माल यांवर चाळिसावा भाग, म्हणजे अडीच टक्के. तोही संपत्ती ठरावीक मर्यादेपर्यंत पोचली आणि चांद्रवर्ष पूर्ण झाले तरच. भारतात ही मर्यादा साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी अशी सांगतात. तरी मतभेद उरतातच. अंगावरच्या दागिन्यांवर जकात आहे का? सुन्नींच्या हनफी शास्त्रपंथाच्या मताप्रमाणे आहे. शाफिई शास्त्रपंथाच्या मताप्रमाणे स्त्रीच्या नेहमीच्या वापरातील दागिन्यांवर नाही. कोकणी मुसलमान प्रामुख्याने शाफिई, तर महाराष्ट्रातील इतर बरेच सुन्नी हनफी आहेत. त्यामुळे सारख्याच बांगड्यांचा हिशेब रत्नागिरीत एक आणि छत्रपती संभाजीनगरात दुसरा होऊ शकतो, आणि दोन्ही घरे आपापल्या शास्त्राला धरून असतात.

इतक्या परंपरांच्या हिशेबांतून काही सूत्रे समान निघतात. रीत आधी ठरवावी, रक्कम पाहून बदलू नये. कमाईचा खर्च आणि राहणीचा खर्च वेगळे ठेवावेत. अंदाजाऐवजी मोजून द्यावे आणि टाकाऊ ते देवाच्या वाट्याला ढकलू नये. ज्याला आपले देणे खरे आहे की नाही याची शंका वाटते, त्याने आपली रीत कागदावर लिहून काढावी आणि सुगीच्या व तोट्याच्या वर्षी तीच लावून पाहावी. दोन्ही वर्षी ती टिकली, तर दशमांश प्रामाणिक आहे.