असिलाचे पिल्लू : तलंग की कोंबडा?

पांढऱ्या लेगहॉर्नच्या पिलांत नर कोणता आणि मादी कोणती हा प्रश्न महिना-दीड महिन्यात आपोआप निकालात निघतो, कारण तोवर नराचा तुरा तांबडा होऊन वर आलेला असतो; परंतु असिलासारख्या सावकाश वाढणाऱ्या जातीचे पिल्लू दोन-अडीच महिन्यांचे झाले तरी त्याच्या अंगावर लिंगाचा खात्रीलायक दाखला उमटत नाही, आणि नेमक्या याच मुदतीत पाळणारा घाईने फैसला करून मोकळा होतो. कोंबडा समजून आठवडी बाजारात नेलेली तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण मादी, सुरीखाली जाते. आणि असिलाची मादी मुळातच अंडी थोडी घालीत असल्यामुळे, शिवाय ती उत्तम खुडूक बसून पिले निगुतीने वाढवीत असल्यामुळे, अशी एक तलंग गमावणे हे गरीब घराला सोसणारे नुकसान नव्हे. म्हणून या बाबतीत रूढ झालेल्या समजुतींची खातरजमा करून घेणे अगत्याचे आहे.

सर्वांत जुनी समजूत अंड्याच्या आकाराविषयीची. टोकदार अंड्यातून कोंबडा आणि वाटोळ्यातून कोंबडी निघते असे पुष्कळ लोक मानतात. ॲरिस्टॉटलने नेमके याच्या उलट लिहून ठेवले, आणि रोमन ग्रंथकार प्लिनीने पुन्हा त्याच्या विरुद्ध बाजू घेतली. वस्तुस्थिती अशी की पक्ष्यांत पिलाचे लिंग पित्यावर नव्हे, तर मातेवर अवलंबून असते. कोंबड्याची दोन्ही लिंगगुणसूत्रे झेड प्रकारची असतात, तर कोंबडीचे एक झेड व दुसरे डब्ल्यू. यांपैकी कोणते पिलाकडे जावयाचे याचा निर्णय बलक अंडाशयातून सुटण्याच्या सुमारास होऊन चुकतो, आणि अंड्याला घाट येतो तो त्यानंतर, अंडवाहिनीतून सरकताना त्यावर कवचाखालची पातळ आवरणे चढतात तेव्हा. शिवाय एका कोंबडीची अंडी बहुधा एकाच घाटाची असतात आणि त्यांतूनच नर व मादी दोन्ही निघतात, हे ज्याच्या दारी खुराडे आहे त्याला वेगळे सांगावयास नको. दोऱ्याला बांधलेली अंगठी अंड्यावर कशी फिरते ते पाहणे, अथवा पिल्लू पायांनी उलटे धरून ते फडफडते की निपचित राहते यावरून निष्कर्ष काढणे, यांना पुराव्याचा लवलेशही नाही. उबवणीच्या उष्णतेने कासवाच्या आणि मगरीच्या पिलांचे लिंग ठरते हे खरे. कोंबडीचे ठरत नाही.

दुसरा गैरसमज थोड्या ऐकीव ज्ञानातून निर्माण झालेला आहे. व्यापारी उबवणी केंद्रांत एक दिवसाच्या पिलाचे पंख उलगडून, खालची लांब पिसे वरच्या आच्छादक पिसांहून बरीच पुढे आली असल्यास मादी आणि दोन्ही सारखी असल्यास नर, अशी निवड होते, हे ऐकून अनेक जण गावठी पिलांचे पंख उलगडून पाहू लागतात. पण ही रीत चालते ती केवळ मुद्दाम जुळवलेल्या संकरांत. पिसे सावकाश येण्याचा गुण झेड गुणसूत्रावर असतो. तो गुण असलेल्या माद्या आणि पिसे लवकर येणारे नर यांची जोडी लावली, म्हणजे आईचा गुण फक्त मुलांकडे उतरतो आणि मुलींना पिसे लवकर फुटतात. असिलाच्या घरगुती कळपात अशी तजवीज कोणी केलेली नसते, तेव्हा तेथे पंखांची लांबी काहीच सिद्ध करीत नाही. जपानमध्ये मासुई आणि हाशिमोतो यांनी १९२०च्या दशकात विकसित केलेली, पिलाचे गुदद्वार उलटवून आतील सूक्ष्म उंचवटा पाहण्याची पद्धती मात्र शास्त्रशुद्ध आहे. परंतु ती पिल्लू निघाल्यापासून दिवसभराच्या आतच आणि दीर्घ अभ्यासाने तयार झालेल्या हातांनीच करावयाची असते. नवख्या माणसाच्या बोटांनी पिलाची आतडी फाटण्याचा संभव असतो, म्हणून तिचा प्रयोग घरी करूच नये.

आता तुऱ्याविषयी. असिलाचा तुरा लेगहॉर्नसारखा करवती नसून डोक्याला चिकटलेला, वाटाण्याच्या दाण्यांसारख्या बारीक उंचवट्यांच्या तीन ठेंगण्या ओळींचा असतो. अशाच तुऱ्यांच्या आनुवंशिकतेचा अभ्यास करून विल्यम बेटसन यांनी १९०२ साली मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखवून दिले. हा तुरा नरातही लहानच राहतो आणि गळ्याखालची लोंबती कातडीही त्याच्याबरोबर आखूड होते; त्यामुळे ‘तुरा नाही, म्हणजे कोंबडी’ हा निवाडा येथे हमखास फसतो. एकाच वेळी उबवलेल्या भावंडांत ज्याच्या तुऱ्याच्या तिन्ही ओळी रुंद आणि लालसर झाल्या आहेत ते बहुधा नर असते, एवढे म्हणता येईल. वेगवेगळ्या वयांच्या पिलांची अशी तुलना मात्र व्यर्थ आहे. ‘भांडते ते कोंबडा’ हे तर असिलाच्या बाबतीत मुळीच ग्राह्य धरू नये, कारण या जातीच्या माद्याही लहानपणापासून एकमेकींवर तुटून पडतात. पाठ उघडी दिसते म्हणून नर, हेही तसेच. असिलाची पिसे मुळातच आखूड व विरळ असतात.

भरवसा ठेवावा तो कमरेवरच्या पिसांवर, आणि तोही चौथ्या महिन्याच्या सुमारास. पिल्लू काखेत धरून शेपटीच्या मुळाशी, पाठ जिथे उतरते तिथली पिसे अंगठ्याने हलकेच उलगडावीत. मादीचे पीस रुंद आणि टोकाशी गोलसर असते. नराचे अरुंद, निमुळते होत अणकुचीदार टोकाला पोहोचणारे, आणि कडेचे तंतू परस्परांत न गुंतल्यामुळे झालरीसारखे मोकळे व चकचकीत दिसते. मानेची पिसे त्या मानाने फसवी, कारण मादीचीही तेथे काहीशी निमुळती असतात. याआधीची, बालपणची पिसे दोघांचीही गोलच असतात, म्हणून दुसऱ्या महिन्यातील गोल पिसावरून मादी ठरवणे चूक होय.

हा भेद घडवतो तो अंडाशयाचा स्राव. शस्त्रक्रियेने अंडाशय काढलेल्या कोंबडीला पुढे नरासारखी पिसे येतात; उलट खच्ची केलेल्या कोंबड्याचा तुरा आक्रसतो, पण त्याची पिसे नराचीच राहतात. याचाच दुसरा परिणाम म्हणजे, कोंबडीचा एकमेव कार्यक्षम असा डावा अंडाशय रोगाने निकामी झाला, तर ती कधी कधी अणकुचीदार पिसे धारण करते, तिच्या पायावर काटा वाढतो आणि ती आरवूही लागते. अशा कोंबडीला अपशकुनी ठरवून मारण्याची चाल अजूनही काही ठिकाणी आहे. तिच्या आरवण्यात रोगाखेरीज दुसरे काही नसते, आणि ती तलंग असताना तिच्याविषयी दिलेला निर्णय त्यामुळे खोटाही ठरत नाही.