फाटकाआतले हेल्मेट

ज्या शहराला लष्कराची छावणी लागून आहे, तिथे एक गंमत हमखास पाहायला मिळते. आरशाला अडकवलेले किंवा पेट्रोलच्या टाकीवर ठेवलेले हेल्मेट लष्करी हद्दीचे फाटक दिसू लागताच डोक्यावर चढते, पट्टाही आवळला जातो. काम उरकून गाडी बाहेर पडली की दोन-चार फर्लांगांत ते पुन्हा आरशाला लटकते. भिंगारच्या छावणीला खेटून वसलेल्या नगरकरांना हे नवे नाही. जिल्ह्याचे नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झाले, पण दुचाकीवाल्यांची ही सवय बदलली नाही.

कायदा मात्र फाटकाच्या दोन्ही बाजूंना सारखाच आहे. मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 129 सांगते की, चार वर्षांवरील प्रत्येकाने, मग तो चालवणारा असो वा मागे बसणारा, प्रमाणित हेल्मेट पट्टा बांधून घातलेच पाहिजे. पगडी घालणाऱ्या शिखांना त्यातून सूट आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर हा नियम मोडणाऱ्याला हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबित अशी तरतूद आहे. तरीही तोच माणूस, तीच गाडी आणि तेच हेल्मेट आत एक वागते आणि बाहेर दुसरे. हा फरक कशामुळे पडतो, हे तपासायला नगरसारखे दुसरे गाव सापडणे कठीण.

चाकांशी नगरचे नाते जुने. चिलखती दलाचे केंद्र आणि प्रशालेत रणगाड्यांचे शिक्षण मिळते, तर यांत्रिक पायदळाच्या रेजिमेंटचे केंद्रही याच गावात आहे. 1994 पासून रणगाड्यांचे संग्रहालय लोकांसाठी खुले आहे. दौंड रस्त्यावर वाहननगरात ‘डीआरडीओ’ची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आहे. कोणत्याही नव्या मोटारीचा किंवा मोटारसायकलचा नमुना विक्रीआधी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 126 खाली तपासून घ्यावा लागतो. त्यासाठी अधिकृत असलेल्या मोजक्या संस्थांत पुण्याच्या एआरएआयबरोबर व्हीआरडीईचे नाव येते. शिवाय 1972 मध्ये बाजारात आलेली आणि मध्यमवर्गाला पहिल्यांदा इंजिनावर बसवणारी लुना ज्या फिरोदियांच्या कायनेटिकची, तिचा कारखानाही नगरचाच. लष्कराची गाडी, तपासणीची गाडी आणि सामान्यांची गाडी या तिन्ही एका गावात नांदतात.

आज ज्या हेल्मेटवर इतका वाद होतो, त्याची रस्त्यावरची सक्ती लष्करातूनच सुरू झाली. 13 मे 1935 रोजी इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स आपल्या ब्रफ सुपीरियर मोटारसायकलवरून घरी निघाला होता. सायकलवरच्या दोन मुलांना वाचवताना तो फेकला गेला आणि सहा दिवसांनी, 46 व्या वर्षी, डोक्याच्या जखमेने वारला. डोक्यावर काहीच नव्हते. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हा तरुण मेंदूशल्यविशारद होता. ही केस त्याच्या मनातून गेली नाही.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा निरोप पोचवणारे सैनिक, म्हणजे लष्करी भाषेत ‘डीआर’, ब्लॅकआउटच्या अंधारात दिवे झाकलेल्या मोटारसायकली पळवत होते. युद्धाच्या पहिल्या 21 महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर 2,279 दुचाकीस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले लोक मेले. केर्न्सने 1941 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निबंध लिहिला. हेल्मेट घालून जखमी झालेले त्याला सातच जण सापडले आणि त्यातला एकही दगावला नव्हता. नमुना छोटा होता, पण लष्कराने वाट पाहिली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कामावरच्या प्रत्येक लष्करी मोटारसायकलस्वारावर हेल्मेटची सक्ती झाली. ब्रिटनच्या नागरिकांना हाच नियम लागू व्हायला 1973 साल उजाडले. मधली 32 वर्षे हेल्मेटची सक्ती फौजेपुरतीच राहिली.

भारतीय सैन्यात मोटारसायकल त्याच वारशातून आली. स्वातंत्र्यानंतर सीमेवरच्या गस्तीसाठी साडेतीनशे सीसीची बुलेट घेतली गेली आणि फौज म्हणजे बुलेट हे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाने त्यावर कळस चढवला. सिग्नल कोअरचे जबलपूरचे ‘डेअर डेव्हिल्स’ हे पथक 1935 पासून चालत आलेले. एका गाडीवर जवानांचा मनोरा रचणारे हे कसरतबाज टीव्हीवर पाहून गावोगावची पोरे हात सोडून गाडी चालवू लागली. कसरत तेवढी दिसली, तिच्यामागचा रोजचा सराव कॅमेऱ्यात आला नाही.

रोजची लष्करी गाडी मुळात कंटाळवाण्या शिस्तीवर चालते. सकाळी गाडी काढण्याआधी ‘फर्स्ट परेड’ असते. त्यात टायरची हवा, ब्रेक, तेल, दिवे, साखळी सारे पाहायचे. वाटेत थांबले की ‘हॉल्ट परेड’. परतल्यावर ‘लास्ट परेड’. गाडी कुठे, कशासाठी, किती किलोमीटर गेली याची नोंद होते. चालवणाऱ्याला वाटले म्हणून गाडी बाहेर काढता येत नाही. अंगावर पूर्ण बाह्यांचा गणवेश आणि पायात घोट्यावर येणारे बूट असतातच, म्हणजे संरक्षक पोशाखातला बराचसा भाग गणवेशानेच पुरवलेला असतो. उरते ते हेल्मेट, आणि फाटकावर लाल टोपीतला मिलिटरी पोलीस उभा असतो. रणगाड्यात बसणाऱ्यालाही, चहूबाजूंनी पोलाद असताना, आतल्या आदळआपटीपासून वाचायला अस्तराचे हेल्मेट घालावे लागते. पोलादाच्या आत बसणारा डोके झाकतो, तर उघड्यावर साठच्या वेगाने जाणाऱ्याने ते का झाकू नये, या प्रश्नाला रणगाड्यांच्या गावात तरी उत्तर देणे अवघड आहे.

या शिस्तीला एक फट आहे आणि ती कायद्यातच लिहिलेली आहे. कलम 18 खाली मिळणारा लष्करी परवाना संरक्षण खात्याच्या कामातल्या सरकारी गाड्यांपुरताच चालतो. घरच्या गाडीसाठी जवानालाही आरटीओचा परवाना काढावा लागतो. लष्करी मोटारसायकल वर्षानुवर्षे सांभाळून चालवणारा हवालदार सुट्टीवर गावी आला, भावाची गाडी घेऊन बाजाराला निघाला, की तो परेड नसलेल्या, नोंद नसलेल्या रस्त्यावर येतो.

ही फट किती महाग पडते, याचा हिशेब अमेरिकेच्या मरीन दलाने 2008 मध्ये जाहीरपणे मांडला. त्याआधीच्या सुमारे वर्षभरात इराकमध्ये 20 मरीन लढताना मेले, तर मायदेशी मोटारसायकल अपघातांत 25. बहुतेक सारे वेगवान स्पोर्ट बाइकवर होते. तिथल्या सेनापतींनी स्पोर्ट बाइक चालवणाऱ्यांसाठी वेगळा अभ्यासक्रम आखला. आज अमेरिकी संरक्षण खात्याचा नियम असा की, गाडी चालवू इच्छिणाऱ्या सैनिकाने मान्यताप्राप्त प्रशिक्षण घेतलेच पाहिजे. हेल्मेट, डोळ्यांचे संरक्षण, बोटे पूर्ण झाकणारे हातमोजे, पूर्ण बाह्या, लांब पँट आणि घोट्यावर येणारे बूट हवेतच. महत्त्वाचे म्हणजे गणवेशातल्या माणसाला हे तळाबाहेर, सुट्टीवर, स्वतःच्या गाडीवरही लागू आहे. नियम फाटकापाशी थांबत नाही, माणसाबरोबर जातो.

आपल्याकडे कायदा डोक्यापुरताच बोलतो. जून 2021 पासून आयएसआय चिन्ह नसलेले हेल्मेट बनवणे आणि विकणे गुन्हा आहे. मानक आहे आयएस 4151. बाहेरचे कवच आघात पसरवते, आतला थर्माकोलसारखा थर चेपून तो गिळतो. म्हणूनच एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बाद समजायचे. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्याच धक्क्याला निघून जाते. रस्त्याकडेला मिळणाऱ्या टोपीसारख्या हेल्मेटात तो थर नसतोच. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की, हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा 69 टक्क्यांनी कमी होतो. मागे बसणाऱ्यांचाही विचार नियमांत आहे. नियम 123 प्रमाणे प्रत्येक मोटारसायकलला मागच्याला धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारी जाळी लागते, जेणेकरून साडीचा पदर किंवा ओढणी चाकात जाऊ नये. गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून आधी काढली जाते ती हीच जाळी.

2022 च्या सरकारी अहवालानुसार देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यातली 74,897 दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले मृत 50,029, म्हणजे दिवसाला सुमारे 137. यातले 14,337 चालवत नव्हते, मागे बसले होते. पुण्यात जानेवारी 2019 मध्ये सक्ती सुरू होताच तिच्याविरुद्ध कृती समिती रस्त्यावर उतरली, हेल्मेटची प्रतीकात्मक अंत्ययात्राही निघाली. गरम होते, मान दुखते, शहरात वेगच नसतो, हे आक्षेप खरे असोत वा खोटे, छावणीच्या फाटकावर ते कोणी काढत नाही. तिथे सवलत कोणालाच नाही, हे सर्वांना ठाऊक असते. बाहेर मात्र आज पोलीस आहे, उद्या नाही, आणि असला तरी ओळख निघते.

नगर जिल्ह्यात धोक्याचा आणखी एक हंगाम असतो. दिवाळीनंतर साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि मनमाड, सोलापूर, दौंड या रस्त्यांवर उसाने भरलेल्या जोड-ट्रॉल्या रात्री चालू लागतात. मागे दिवा नसलेली किंवा रिफ्लेक्टर चिखलाने माखलेली ट्रॉली समोरून येणाऱ्या दिव्यांच्या झगमगाटात दिसतच नाही. तिथे हेल्मेट कामाला येते ते अपघात झाल्यानंतर. आधी कामाला येते ते दिव्याच्या पल्ल्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवणे, दोन्ही ब्रेक एकत्र दाबायची सवय आणि अडथळ्याला बगल देण्याचा सराव. 2019 पासून सव्वाशे सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे चाक अडकू न देणारे ब्रेक, सक्तीचे आहेत, पण ब्रेक जोरात दाबायची भीती मोडायला मोकळे मैदान लागते. नगरच्या आरटीओत, म्हणजे एमएच-16 चा, परवाना काढताना उमेदवार इंग्रजी आठचा आकडा काढून दाखवतो. चाळीसच्या वेगातून गाडी सरळ रेषेत थांबवणे त्याला कोणी शिकवत नाही.

त्यासाठी नवा कायदा नको. 2021 च्या अधिसूचनेने मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची सोय केली आहे. दुचाकी आणि हलक्या वाहनांच्या केंद्राला किमान एक एकर जागा लागते; प्रशिक्षक बारावी पास आणि पाच वर्षांचा चालक असावा. तिथले प्रमाणपत्र असलेल्याला आरटीओची चाचणी द्यावी लागत नाही. लष्करात वर्षानुवर्षे गाड्या चालवून, पोरांना चालवायला शिकवून निवृत्त झालेले नाईक, हवालदार आणि सुभेदार भिंगार-नगरमध्ये आणि जिल्ह्याच्या गावोगावी आहेत. त्यातले बरेच जण सुरक्षारक्षकाची नोकरी करतात. एक एकर जमीन, वीस-पंचवीस शंकू, आयएसआय हेल्मेटांचे दोन आकार आणि असा एखादा सुभेदार एवढ्यावर पहिली तुकडी उभी राहू शकते. अट एकच ठेवावी लागेल: फर्स्ट परेड झाल्याशिवाय कोणाच्याही हाती किल्ली द्यायची नाही, आमदारांच्या भाच्याच्याही नाही.