ओळखीच्या ओळखीचा माणूस
(लेखमाला ‘नोकरीच्या शोधात’ : भाग ५)

जाहिरात पाहून रीतसर अर्ज करणाऱ्याला एक गोष्ट अनेकदा उशिरा कळते: ती जागा कुणाच्या तरी सांगण्यावरून आधीच भरलेली असते. तरीही ‘नेटवर्किंग’ म्हटलं की मराठी माणूस अंग चोरतो. त्याला त्यात वशिल्याचा वास येतो, आणि तो वास अगदीच खोटा असतो असंही नाही.

साठचं दशक संपता संपता हार्वर्डमधला मार्क ग्रॅनोव्हेटर हा तरुण संशोधक बॉस्टनजवळच्या न्यूटन शहरात नुकतीच नोकरी बदललेल्यांचा माग काढत होता. त्याच्या पाहणीत २८२ पुरुष होते, सगळे व्यवस्थापक, तंत्रज्ञ किंवा व्यावसायिक. निम्म्याहून अधिक जणांना नोकरी ओळखीतून लागली होती. इथवर नवल काही नाही. पण ‘म्हणजे मित्राकडून का?’ असं त्यानं विचारलं की माणसं त्याची चूक दुरुस्त करत: मित्र नव्हे हो, नुसती ओळख. ओळखीतून नोकरी लागलेल्या ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांच्यापैकी जेमतेम १७ टक्क्यांना बातमी नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. जवळपास २८ टक्क्यांचा बातमीदार तर वर्षाकाठी एकदा भेटला तर भेटला, अशातला होता. जुना सहकारी, कॉलेजातला कुणी, कुठल्याशा परिषदेत भेटलेला माणूस.

याचं कारण साधं आहे. रोज ज्यांच्याबरोबर आपण चहा पितो, त्यांना जे ठाऊक ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतं. नवी बातमी येते ती वेगळ्या घोळक्यात वावरणाऱ्याकडून. हे सारं मांडणारा ग्रॅनोव्हेटरचा निबंध एका नियतकालिकानं परत पाठवला होता. १९७३ साली तो दुसरीकडे छापून आला आणि आज समाजशास्त्रात सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या निबंधांत मोडतो.

२०२२ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासानं त्याला पुरवणी जोडली. लिंक्डइनवरच्या सुमारे २ कोटी लोकांची पाच वर्षांची माहिती त्यात तपासली होती. अगदी घट्ट ओळखी फारशा उपयोगी पडल्या नाहीत, अगदी पुसटही नाहीत. सर्वांत जास्त हात दिला तो मधल्या ओळखींनी. आणि हेही जास्त करून संगणकावर चालणाऱ्या उद्योगांत. इतरत्र जवळचीच माणसं कामी आली.

गिरणगावाला हे शेवटचं वाक्य कुणी समजावून सांगायला नको होतं. मुंबईच्या गिरण्यांत कामगार भरती करायचा तो जॉबर, आणि तो माणसं आणायचा आपल्या गावची, आपल्या नात्यातली, आपल्या जातीची. कोकणातून किंवा घाटावरून आलेल्या पोराला गाववाल्यांच्या खोलीत पथारी, खानावळीत जेवण आणि खात्यात काम, तिन्ही एकाच ओळखीवर मिळे. ज्याला ती ओळख नाही तो बाहेर. विणकाम खात्यात मजुरी जास्त होती, पण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो म्हणून विटाळाचं निमित्त करून दलितांना तिथं शिरू दिलं जात नसे. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न चव्हाट्यावर मांडला.

आत असलेल्यांनाही या घट्ट विणीची किंमत मोजावी लागली. जानेवारी १९८२ मध्ये अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, आणि ज्याच्याकडे काम मागायला जायचं तोच शेजारी घरी बसलेला! कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थतज्ज्ञांनी दादरच्या शाळांमधली २० वर्षांची माहिती तपासून २००६ साली एक निष्कर्ष मांडला. श्रमिक जातींतल्या मुलग्यांना वडील-काकांच्या ओळखीचं काम हमखास मिळणार म्हणून मराठी शाळेत घातलं जात राहिलं. मुलींसाठी अशी साखळी कधी नव्हतीच, त्यामुळे इंग्रजी शाळेकडे त्या अधिक वेगानं वळल्या आणि नव्या अर्थव्यवस्थेचा लाभ उचलू लागल्या.

तेव्हा आज हिंजवडीत किंवा नाशिकच्या सातपूरला नोकरी शोधणाऱ्यानं आधी वही काढावी आणि मागच्या दहा वर्षांत ज्यांच्याबरोबर काम केलं, शिक्षण घेतलं, त्यांची नावं लिहावीत. काका-मामांची नावं आपोआप आठवतात. कष्ट घ्यायचे ते इतर नावांसाठी. संपर्क करताना ‘तुमच्याकडे जागा आहे का?’ हा प्रश्न टाळावा. त्याला ‘नाही’ एवढं उत्तर पुरतं आणि बोलणं संपतं. ‘तुमच्या क्षेत्रात सध्या कोणत्या कामाला माणसं लागतायत, आणखी कुणाशी बोलू?’ असं विचारलं तर समोरचा वीस मिनिटं बोलतो आणि जाता जाता एखादं नाव देतो. त्या माणसाशी काय बोलणं झालं, हे नाव देणाऱ्याला कळवायचं. बहुतेक जण नेमकं हेच विसरतात. रोज सकाळी पाठवलेली सुप्रभातची फुलं म्हणजे संपर्क नव्हे.

बऱ्याच कंपन्या शिफारस करणाऱ्या कर्मचाऱ्याला, उमेदवार रुजू झाला की बक्षीस देतात. म्हणजे विचारणारा दर वेळी उपकारच मागत असतो असं नाही. मात्र शिफारस मुलाखतीच्या दारापर्यंतच नेते. आतलं काम उमेदवाराचं.

राहिला प्रश्न, ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कुणी कंपनीत पाऊल ठेवतंय त्यांचा. त्यांच्या वहीचं पान कोरंच असणार. म्हणून त्यांच्यासाठी, नोकरीत स्थिरावलेल्या वाचकांनी आपल्या जुन्या शाळा-कॉलेजातून आलेल्या अनोळखी निरोपाला या आठवड्यात एकदा तरी उत्तर द्यावं.

(पुढच्या आठवड्यात : पगाराची बोलणी)