कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे

"नोंद नाही ना? मग पाऊस नाही. टाका शून्य." आकड्यांशी रोजचा संबंध असलेली माणसंही हे इतक्या सहजपणे म्हणतात, की आता चीड येते.

पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी साडेआठला मोजतात आणि तो आकडा मागच्या २४ तासांचा असतो. बाटली कोरडी निघाली, की ०.० लिहायचं. म्हणजे शून्य हे मोजमापच आहे. कुणीतरी तिथे गेलं, पाहिलं, पाणी नव्हतं. पाऊस पडला पण ०.१ मिलिमीटरही भरला नाही, तर त्याची खूण वेगळी. आणि नोंद घेणारा आजारी पडला, यंत्र बंद होतं, कागद हरवला, तर पावसाबद्दल आपल्याला काहीही ठाऊक नाही. या तिन्ही गोष्टी एकाच शून्यात कोंबायच्या, हा कोणता हिशेब?

साध्या पर्जन्यमापकात एक दिवस चुकला, तर पाणी बाटलीतच राहतं आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही दिवसांचा पाऊस एकत्र मोजला जातो. समजा, दोन्ही दिवस ४० मिलिमीटर पडला. चुकलेल्या दिवशी शून्य लिहिलं, की कागदावर आधी कोरडा दिवस आणि मग ८० मिलिमीटर. महाराष्ट्रात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या पुढे अतिवृष्टी धरतात. न झालेली अतिवृष्टी तयार! उलटही होतं. फळपीक विम्यात भरपाई हवामान केंद्राच्या आकड्यांवर ठरते. अवेळी पाऊस कोसळत असताना स्वयंचलित केंद्र बंद असेल आणि त्या तासांचं शून्य झालं, तर बागायतदाराचं नुकसान कागदावर झालेलंच नसतं. हा कारकुनी तपशील नाही, कुणाच्या तरी वर्षभराच्या कमाईचा प्रश्न आहे.

"मग शेजारच्या केंद्राचा आकडा उचला." २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच मुंबईत कुलाब्याला ७३ च्या आसपास. अंदाज करायचाच असेल तर करा, पण तो अंदाज आहे हे शेजारी लिहा.

"संगणक समजून घेतो." नाही घेत. एक्सेलचं सरासरीचं सूत्र कोरा रकाना वगळतं आणि शून्य मोजतं: ४०, ६०, २० आणि एक कोरा रकाना, सरासरी ४०, कोऱ्या जागी शून्य टाकलं की ३०.

"-९९९ लिहिलं की झालं." हवामान खात्याच्या चौकटवार पाऊस-आकडेवारीत नसलेल्या आकड्यासाठी हीच खूण असते. मात्र ती न वगळता बेरीज केली, की पाऊस थेट उणे.

"काहीतरी भरलेलं बरं." आपल्याकडच्या एका पिढीत १ जूनला जन्मलेली माणसं इतकी का, हे शाळेचा दाखला पाहिलेल्या कुणालाही विचारा: खरी तारीख ठाऊक नसली, की तीच भरत. आधारच्या नोंदीत निदान जन्मतारीख पडताळलेली, सांगितलेली की अंदाजे, असा भेद ठेवला आहे.

"कारण लिहून काय मिळणार?" आरोग्यनोंदींच्या 'फायर' या आंतरराष्ट्रीय मानकात माहिती नसल्याची कारणं वेगवेगळी नोंदवता येतात: विचारलंच नाही, विचारलं पण माहीत नव्हतं, सांगायला नकार दिला, लागूच नाही. ॲलर्जीचा रकाना कोरा असलेल्या रुग्णाला इंजेक्शन देताना डॉक्टरला यातलं नेमकं काय झालं, ते कळायला हवं. पावसाच्या तक्त्यातही आकड्याशेजारी एक जास्तीचा रकाना पुरतो: मोजलं, अंदाजे, दोन दिवसांचं एकत्र, यंत्र बंद.