डोकी मोजणारा कॅमेरा

सिनेमा भाड्याने घेतला एकाने आणि बघायला बसले सगळे घर, तर पैसे किती जणांचे? मायक्रोसॉफ्टने या प्रश्नाचे उत्तर यंत्राकडूनच काढायचे ठरवले होते. कंपनीचा तसा पेटंटचा अर्ज नोव्हेंबर 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. टीव्हीजवळचा कॅमेरा खोलीतली डोकी मोजणार. परवान्यापेक्षा जास्त भरली, तर जादा पैसे भरा, नाहीतर सिनेमा थांबणार. शेजारीण साखर मागायला आली तरी मीटर पडणार म्हणायचे!

अर्ज म्हणजे बाजारात आलेली वस्तू नव्हे. असे शुल्क कंपनीने कधी लावले नाही. पण मे 2013 मध्ये कंपनीचा एक्सबॉक्स वन हा गेम खेळण्याचा कन्सोल जाहीर झाला, तो किनेक्ट हा कॅमेरा-मायक्रोफोन जोडल्याशिवाय चालणार नाही या अटीसह. पुढच्याच महिन्यात एडवर्ड स्नोडेनने अमेरिकी सरकारची पाळत उघडकीस आणली. मग या कॅमेऱ्याबद्दलच्या ग्राहकांच्या संशयाला वेडगळ कोण म्हणणार? ऑगस्टमध्ये कंपनीने सक्ती मागे घेतली. जून 2014 पासून किनेक्टविना एक्सबॉक्स 100 डॉलरने स्वस्त, 399 डॉलरला मिळू लागला. 2017 मध्ये किनेक्टचे उत्पादनच बंद झाले.