बेकु, बेडा, साकु

दिवाळीच्या आगेमागे आपल्या धारूर, वडवणी, केज, पाटोद्याकडच्या कितीतरी जणी ऊसतोडीला बेळगाव, बागलकोटकडे जातात. फडात मुकादम आपल्या बोलीत बोलतो. दुकानात, दवाखान्यात मात्र कानडी. लेकरू तापानं फणफणलेलं असतं आणि आपण सांगून देणाऱ्या माणसाची वाट बघत बसतो. म्हणून आज आपण एकच कानडी क्रियापद शिकू : बेकु. म्हणजे पाहिजे.

हे सोपं आहे, कारण ते आपल्या 'पाहिजे'सारखंच वागतं. मी मागो, तुम्ही मागा, शब्द तोच. 'मला' म्हणजे 'ननगे'. ननगे नीरु बेकु : मला पाणी पाहिजे. नीरुच्या जागी हालु म्हणा, दूध झालं. औषधी म्हणा, औषध झालं. दुकानदार विचारील, 'एनु बेकु?' म्हणजे काय पाहिजे? 'एष्टु बेकु?' म्हणजे किती पाहिजे?

काही करायचं असलं, तर बेकु त्या कामाच्या शब्दाला चिकटतं. होगु म्हणजे जाणं. दवाखानेगे होगबेकु : दवाखान्यात जायला पाहिजे. लेकरू आजारी असताना एवढं एक वाक्य आलं तरी रिक्षावाला गाडी कुठं न्यायची ते समजतो.

उलटा शब्द बेडा. शेवटचा 'डा' तोकडाच म्हणायचा. हा थेट आपला 'नको'. नीरु बेडा, पाणी नको. होगबेडा, जाऊ नको. तिकडच्या खेड्यांत तो 'ब्याडा' असाही ऐकू येईल. मोठ्या माणसाशी बोलताना मागं 'री' लावायचा : बेक्री, ब्याडरी. बेक्री म्हणताना पाव-बिस्किटं आठवली तर आठवू द्या, शब्द ध्यानात तरी राहील.

तिसरा शब्द साकु, म्हणजे पुरे.

मागणं जितकं गरजेचं, तितकंच नाही म्हणणंही. नको असलेली वस्तू कुणी गळ्यात मारत असेल, तर मान हलवून भागत नाही. बेडा म्हणायचं, स्पष्ट.

तिकडे जोंधळ्याच्या भाकरीला रोट्टी म्हणतात. आज रात्री वाढताना लेकरांना विचारा, 'रोट्टी बेका?' म्हणजे भाकरी पाहिजे का? ती बेकु म्हणतील, बेडा म्हणतील, पोट भरलं की साकु म्हणतील. गाडी भरायच्या आधी एवढी उजळणी घरातच होऊन जाईल.