प्रसूतिगृहातला पहिला पान्हा

ब्रिटनमध्ये १९७५ ते २०१० या काळात बालकांच्या पोषणाची सरकारी पाहणी दर पाच वर्षांनी होत असे. २०१० च्या पाहणीत ८१ टक्के मातांनी बाळाला निदान एकदा तरी अंगावर पाजले होते. गोऱ्या मातांमध्ये हे प्रमाण ७९ टक्के, आशियाई मातांमध्ये ९५ टक्के आणि कृष्णवर्णीय मातांमध्ये ९६ टक्के होते. ही विभागणी वंशानुसार आहे, जन्मस्थळानुसार नाही. पण त्या आशियाई आणि कृष्णवर्णीय मातांपैकी बऱ्याच जणी परदेशात जन्मलेल्या होत्या. एकाच देशातल्या, एकाच आरोग्यसेवेतल्या मातांमध्ये एवढा फरक पडतो, तो शरीरामुळे नव्हे, तर रिवाजामुळे.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून ब्रिटिश घरांत बाटली आणि दूधपावडर रुळली. त्यामुळे आज आजी झालेल्या अनेक स्त्रियांनी स्वतः मुलांना अंगावर पाजलेले नाही, आणि लेकीला शिकवायला घरात अनुभवी माणूस उरले नाही. याची झळ तरुण मातांना अधिक बसते. २०१० मध्ये विशीच्या आतल्या मातांपैकी ५८ टक्के, तर तिशी ओलांडलेल्यांपैकी ८७ टक्के मातांनी स्तनपान सुरू केले. दक्षिण आशिया किंवा आफ्रिकेतून आलेल्या स्त्रीने मात्र आईला, काकूला, शेजारणीला बाळ पाजताना लहानपणापासून पाहिलेले असते. तिच्या मनात पाजावे की नाही हा प्रश्नच येत नाही.

तरीही ‘सुरुवात केली’ आणि ‘वेळेवर सुरुवात केली’ यांत अंतर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी घ्यावे. उघड्या छातीवर पालथे ठेवलेले बाळ थोडा वेळ शांत पडते, मग तोंड उघडझाप करते, हात चाखते, पाय रेटत पुढे सरकते आणि वासाच्या मागाने स्तनापाशी पोहोचते. पहिले काही दिवस येणारे दूध म्हणजे चीक. तो दाट, पिवळसर आणि रोगप्रतिकारक प्रथिनांनी समृद्ध असतो. पहिल्या दिवशी एका वेळी तो चमचाभरच मिळतो. पण नवजाताच्या पोटाला तेवढा पुरतो. वार पडल्यावर आईच्या रक्तातले प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते आणि दोन ते चार दिवसांत भरपूर दूध येऊ लागते.

याच मधल्या दिवसांत घोटाळा होतो. बाळ रडते, स्तन मऊच लागतात, आणि ‘दूध उतरलेच नाही’ असे घरचे धरून चालतात. काही आशियाई कुटुंबांत चीक जुना किंवा जड समजून पिळून टाकतात आणि बाळाला मध चाटवतात. मधातून क्वचित बोट्युलिझम या विषबाधेचा धोका संभवतो, म्हणून ब्रिटनची आरोग्यसेवा वर्षाच्या आत मध देऊ नये असे सांगते. स्थानिक मातेच्या बाबतीत मधाच्या जागी बाटली येते. दोन्हीकडे परिणाम एकच: बाळ कमी ओढते, आणि बाळाने ओढल्याशिवाय दूध वाढत नाही.

सिझेरियन झालेल्या, थकलेल्या बाळंतिणीला तर पाठीशी कोणीतरी लागतेच. स्थलांतरित मातेची सासू-आई बहुधा दूरदेशी असते. इंग्रजी येत नसेल, तर सुईण काय सांगते ते तिला कळत नाही आणि स्वतःचे दुखणेही सांगता येत नाही. ‘या बायकांना पाजायला येतेच’ असे गृहीत धरले, तर बाळ नीट तोंड लावते आहे का, हे कोणी पाहतच नाही. शिवाय घरातल्या माणसाला दुभाषी केले, तर स्तनांविषयीच्या प्रश्नांची मोकळी उत्तरे मिळणे अवघड जाते.

माहेरून आणलेली पाजण्याची सवय कायम टिकतेच असेही नाही. २००० ते २००२ दरम्यान जन्मलेल्या ब्रिटिश मुलांच्या ‘मिलेनियम कोहॉर्ट’ अभ्यासातून २००८ मध्ये एक निष्कर्ष पुढे आला. परदेशातून आलेल्या मातांच्या ब्रिटनमधील वास्तव्यात दर पाच वर्षांची भर पडली, की त्यांनी किमान चार महिने पाजण्याची शक्यता ५ टक्क्यांनी घटते. नवा देश अंगवळणी पडतो, तशी तिथली बाटलीही पडते.

यावरचे उपाय परिचित आहेत. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९१ मध्ये ‘बालस्नेही रुग्णालय’ उपक्रम सुरू केला. ब्रिटनमध्ये तो १९९४ पासून आहे. जन्मताच बाळ आईच्या अंगाशी देणे, दोघांना एकाच खोलीत ठेवणे, वैद्यकीय कारणाशिवाय वरचे दूध न देणे आणि पाजताना शेजारी बसून मदत करणे ही त्याची मुख्य सूत्रे आहेत. परभाषक मातेसाठी त्यात प्रशिक्षित दुभाषी हवा, आणि चिकाचे महत्त्व कळा सुरू होण्याआधी, गरोदरपणीच सांगायला हवे. स्थानिक मातेला हवा तो घरात न मिळालेला अनुभवी हात. एकीजवळ सवय आहे पण भाषा नाही, दुसरीजवळ भाषा आहे पण सवय नाही. म्हणून प्रत्येक बाळंतिणीला काय येते आणि काय अडते, हे प्रसूतिगृहाने गृहीत न धरता तिलाच विचारले पाहिजे.